काशीजिजीची काडी

काशीजिजीच्या डाव्या खांद्यावर, पदराला, दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची. लग्नाला जा, मर्तिकाला जा, संक्रांतीला राजघाटावर आंघोळीला जा, सुई खांद्यावरच. बायका पदराच्या गाठीत सुटे पैसे बांधतात. ही बाई गाठीत वाळक्या गवताच्या काड्या बांधायची.

रस्त्यानं कोणी उसवलेलं माणूस दिसलं की त्याची सुटका नव्हती. काखेत उसवलेलं असो, खांद्याला असो, सदऱ्याची बाही लोंबत असो, जिजी त्याला जिथल्या तिथं उभं करायची, गाठीतली काडी काढायची आणि म्हणायची, "धर."

आता हे दुसऱ्या गावच्या लोकांना सांगावं लागेल. आमच्या बुऱ्हाणपूरकडे अंगातला कपडा अंगावरच शिवायचा असेल, तर तो ज्याच्या अंगात आहे त्यानं दातांत काडी धरायची. का, ते मला विचारू नका. अंगावर शिवणं चांगलं नाही आणि काडी धरली की चालतं, एवढं सगळ्यांना माहीत. पण दातांत काडी धरलेल्या माणसाला बोलता येत नाही, आणि जिजीला बोलल्याशिवाय शिवता येत नव्हतं. म्हणजे कसं, की एकानं गप्प उभं राहायचं आणि दुसरीनं त्याचा उद्धार करायचा. पोस्टमनला ती पत्र उशिरा येण्याबद्दल झापायची. शाळेच्या हेडमास्तरांना पोरं उर्मट झाल्याबद्दल. दूधवाल्याला दुधाबद्दल. सगळे बिचारे काडी धरून मान हलवायचे.

नवीन मध्य प्रदेश झाला, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि भोपाळ राजधानी झाली, त्या सुमाराला आमच्याकडे एक पुढारी भाषणाला आले होते. एकीकरण कसं चांगलं, हे समजावून सांगायला. मंडपातल्या व्यासपीठावर चढताना त्यांच्या कुडत्याची पाठ उसवलेली जिजीनं पाहिली. झालं. पायरीवरच गाठलं. पुढारी सभ्य माणूस, वर त्यांचं गावही बुऱ्हाणपूरजवळचंच, त्यांनाही काडीचं ठाऊक. त्यांनी निमूट धरली. मग जिजीनं पाठीत टाके घालता घालता विचारलं, की नागपूर तोडताना आम्हाला कोणी विचारलं होतं का, आता सरकारी कामाला माणसानं कुठं जायचं, आणि उसवायला काय, कोणालाही येतं, शिवायचं कोणी? सगळा मंडप ऐकत होता. इतका शांत पुढारी बुऱ्हाणपुरात आधीही कोणी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच नाही.

लोक हसले. मी नाही हसले. माझा जिजीवर जुना राग होता.

मी भुसावळची. लग्न होऊन इथं आले त्याच आठवड्यात नळावर पाण्याला गेले, तर या बाईनं माझा हात धरून वर केला. चारचौघींत. काखेत शिवण गेलेली. मी म्हटलं, घरी जाऊन काढते आणि शिवते. तर म्हणाली, "काढून तर कोणीही शिवते. अंगावर शिवायले दुसरं माणूस लागते. धर." मी धरली. नवी नवरी, काय करणार? आणि मग ती म्हणाली, "भुसावळचे शिंपी मेले काय सारे?"

माझ्या माहेरचा शिंपी मशीनवर शिवायचा, पायाच्या मशीनवर. त्याच्याकडे रेल्वेच्या साहेबांच्या बायका यायच्या. हे मला सांगायचं होतं. पण दातांत काडी. काडी निघेपर्यंत जिजी पुढच्या घरी पोचलेली. ते उत्तर माझ्याजवळ तसंच राहिलंय.

तर अशी ही बाई. आमच्या समोरच्या खोलीत एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, तो इथल्या गिरणीत होता म्हणे. मूलबाळ नाही. कोणाच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये, ही रीत तिला बिलकुल माहीत नव्हती. म्हणून कुसुमच्या लग्नात तिला न बोलावताच ती घरात होती.

कुसुम माझी नणंद. धाकटी, बारीक अंगाची, हळू बोलणारी. तिचं जमलं ते नागपूरच्या मुलाशी, सचिवालयात कारकून. घर चांगलं, मराठी शेजार, सगळं मनासारखं. आणि साखरपुडा झाल्यावर सरकारनं कचेऱ्या उचलल्या आणि भोपाळला नेऊन ठेवल्या. मुलगाही गेला, त्याची आत्याबाईही गेली, भांडीकुंडी, सारं घर गेलं. आई नव्हती मुलाला, त्या आत्याबाईच सगळं पाहायच्या. आमच्या कुसुमनं नागपूरला जायचं म्हणून मन तयार केलं होतं, आता भोपाळ. भोपाळला कोण आपलं? तिनं भोपाळ हा शब्द ऐकला की ताटावरचा हात थांबायचा. मामंजी म्हणाले, सरकारी नोकरीत असंच असतं. म्हणायला काय जातं? त्यांना थोडंच जायचं होतं.

आता पोलक्याची गोष्ट. ती सांगताना मला अजून संताप येतो.

मुलगी पाहायला आल्या तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, मुलगी गोड आहे, जरा अंगानं भरली पाहिजे. तेवढं एक वाक्य. माझ्या सासूबाईंना ते लागलं. पुढं रिवाजाप्रमाणे आत्याबाईंनी निरोप पाठवला, की शालूबरोबरचं पोलकं आम्ही शिवतो, मापाला मुलीचं एखादं पोलकं द्या. सासूबाईंनी काय करावं? अंगणात दोरीवर माझं पोलकं वाळत होतं. माझं! दोन लेकरांनंतरचं. ते त्यांनी घडी करून पाठवून दिलं. का, तर आत्याबाईंना वाटावं मुलगी आता भरली.

मी ते पोलकं घरभर शोधलं. धोब्याशी भांडले. सासूबाई भाजी निवडत शांतपणे म्हणाल्या, गायीनं खाल्लं असेल. गाय हो! त्या गायीकडे मी कितीतरी दिवस वाकड्या नजरेनं पाहत होते.

लग्नाच्या आठवडाभर आधी कोणाबरोबर तरी शालू आणि पोलकं आलं. डाळिंबी रंग, बाह्यांना जरीचा काठ, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. कुसुमनं घातलं. कुसुम वळली, पोलकं वळलं नाही. पुढून पाहावं तर दोन कुसुम मावतील. मी गळ्याकडे पाहिलं, काखेकडे पाहिलं. आपलं माप माणूस ओळखणार नाही का? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या. आमचे हे दारात उभे होते, ते मला म्हणाले, "तुला छान बसेल." त्या दिवशी मी यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

खरी पंचाईत माझ्या रागाची नव्हती. कुसुमनं पोलकं काढलं, नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "वहिनी, त्यांना दुसरीच कोणी हवीय."

मी सांगितलं, अगं वेडे, हे असं असं झालं, सासूबाईंनी माझं माप पाठवलं. तिनं ऐकून घेतलं. पण म्हणाली, की आत्याबाईंनी रोज त्या मापावर हात फिरवून शिवलं असेल ना. त्यांच्या डोळ्यांत आता ती मुलगी बसली असेल. मी तिथं उतरले की त्या म्हणतील, ही कोण? आणि रडायला लागली. त्या दिवसापासून तिनं जेवण जवळजवळ सोडलं.

आता पोलकं आत घ्यायचं तर कात्री लावता येईना. हळदकुंकू लागलेल्या कपड्याला कात्री लावत नाहीत. शिंप्याकडे द्यायचं तर तो कापल्याशिवाय ऐकणार नाही, आणि गावभर सांगेल ते वेगळं. आम्ही दार लावून विचार करत बसलो, तर दार ढकलून काशीजिजी आत. खांद्यावर सुई. तिनं पोलकं उचललं, उलटं केलं, माझ्याकडे पाहिलं, परत पोलक्याकडे पाहिलं.

"हे तर हिचं आहे," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिचे हात धरले. जिजी, वऱ्हाडाला कळता कामा नये, आत्याबाई आल्या की तोंडातून शब्द काढू नकोस. जिजी भडकली. म्हणाली, "मी काबरं खोटं बोलू? विचारलं तर सांगीन. नाही विचारलं तरी सांगीन."

झालं. म्हणजे आता पोलक्याची काळजी होती ती होतीच, वर जिजीच्या तोंडाची. पण तिच्याशिवाय करणार कोण?

त्या दिवसापासून आमच्या माजघरात रोज तमाशा. जिजी कुसुमला पाटावर बसवायची, काडी द्यायची आणि दोन्ही कुशींना आतून चिमटे घेऊन टाके घालायची, कात्री न लावता. आणि बोलायची. भोपाळवर, सरकारवर, सासूबाईंवर, माझ्या अंगावर. माझ्या अंगाबद्दल ती जे बोलली ते मी लिहिणार नाही. आज बसलेलं पोलकं दोन दिवसांनी परत सैल व्हायचं, कारण कुसुम खात नव्हती. जिजी चिडून लाल. "मी शिवते अन् तू विरघळते. पोलक्यानं किती मागं मागं यावं तुझ्या?" मग तिनं दुसरा इलाज काढला. बाजारातून मावा जलेबी आणली आणि कुसुमच्या समोर बसली. म्हणाली, पोलकं आत घेण्यापेक्षा तुला बाहेर आणणं सोपं. कुसुम खाईना. तर जिजी तिला म्हणाली, खा, नाहीतर काडी देते. कुसुमनं खाल्ली. काडी धरून बोलणी ऐकण्यापेक्षा जलेबी बरी, असं तिला वाटलं असेल.

एक दिवस तर जिजीनं मला नवरदेव केलं. लग्नात नवरी काय नुसती बसून राहते? हात वर करून हार घालते, तेव्हाच काखेत जाते शिवण. म्हणून मी पाटावर उभी, डोक्याला यांचा रुमाल, आणि कुसुम मला परत परत हार घालतेय, आणि जिजी तिच्या काखेत डोकं घालून पाहतेय. मी म्हटलं, जिजी, मला स्वयंपाक आहे. तर म्हणे नवरदेव बोलत नसतो. त्या दिवशी कुसुम हसली. पहिल्यांदा. पण संध्याकाळी परत तिचं तेच. तिथं मला कोण ओळखणार, वहिनी?

वऱ्हाड भोपाळहून सकाळच्या गाडीनं आलं. आत्याबाई उंच, चष्म्याच्या, मोजून बोलणाऱ्या. सासूबाई त्यांना दोनदा पाणी विचारून आल्या. जिजीला आम्ही माजघरातच कोंडून ठेवलं होतं म्हणा ना, कुसुमजवळ. मामाची पिवळी साडी झाली, आता शालू नेसायचा. आणि कुसुमनं पोलकं हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मी नाही घालत हे," ती म्हणाली. "हे माझं नाहीच."

बाहेर सनई. मी समजावतेय, ती ऐकत नाही. मला वाटलं, आता जिजी सुरू होणार आणि पोरगी आणखी घाबरणार. जिजी सुरू झालीच. पण आवाज वेगळा होता, नेहमीच्या भांडणाचा नव्हता.

"तुले वाटते भोपाळले कोणी ओळखणार नाही," ती म्हणाली. "मी चांदनीहून आली इथं."

मला हसू आलं. चांदनी, भोपाळच्याच वाटेवरचं स्टेशन, इथून ते किती लांब? गाडीत भाजक्या शेंगांची पुडी फोडली तर संपायच्या आत येते.

"हसू नको," जिजी मला म्हणाली. "मले ते भोपाळच होतं. नवरा गिरणीत, सारा दिवस. दार उघडून बसायची, कोणी बोलत नव्हतं. बोलू काय? कोणाशी? एक दिवस पोस्टमन चालला होता, बाही लोंबत होती त्याची. म्हटलं, थांब, शिवून देते. तो थांबला. जवळ उभा राहिला तेवढा वेळ. मग दुसऱ्या दिवशी त्यानं हाक मारली मले, जिजी म्हणून." तिनं सुईचा दोरा सारखा केला. "भोपाळले काय लोक उघडे फिरतात? तिथंही उसवत असेल. पाह्य, कोणाचं उसवलं ते. अन् थांबव त्याले."

माझं हसू गेलं. इतकी वर्षं मी समजत होते की या बाईला लोकांना बोलायला मिळावं म्हणून ती शिवते. लोकांना थोडा वेळ जवळ उभं करायला मिळावं म्हणून शिवत होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मला स्वतःचा नाही, तिचाच राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? मी काय नळावर तिच्याशी बोलले नसते?

कुसुमनं पोलकं उचललं आणि घातलं. आदल्या दिवसाचे टाके एका बाजूला परत सैल होते. जिजीनं काडी दिली, कुसुमनं धरली, आणि या वेळी जिजी एक शब्द न बोलता शिवत गेली. शेवटचा टाका घालून दोरा तोडताना तिनं हात लांब केला, आणि कुठंतरी टर्रकन आवाज झाला.

आम्ही पोलक्याकडे पाहिलं. पोलकं शाबूत होतं. गेली होती ती जिजीची चोळी. पाठीवर, खांद्याखाली, चांगली वीतभर.

जिजीनं पदर पुढं ओढला. म्हणाली, काही नाही, घरी जाऊन काढून शिवीन. मी पण म्हटलं, नंतर पाहू, मुहूर्त जवळ आलाय. पण कुसुमनं दातांतली काडी काढून ठेवली, जिजीच्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाली, "जिजी, मागं फिर."

"अगं, नवरीनं कुठं..."

"धर," कुसुम म्हणाली. आणि जिजीच्याच गाठीतली एक काडी काढून तिच्या तोंडासमोर धरली.

तुम्हाला सांगते, जिजीचं ते तोंड पाहण्यासारखं होतं. बोलायला उघडलेलं, आणि बोलायचं काय ते सुचत नाही. साऱ्या गावाला काडी देणाऱ्या त्या बाईला आजवर कोणी काडी दिली नव्हती. तिनं धरली. शाळेतल्या पोरीसारखी पाठ करून उभी राहिली. आणि सकाळपासून जिचे हात पेला धरू शकत नव्हते, ती कुसुम शालू अर्धा नेसलेला असताना जिजीच्या पाठीवर एकेक टाका घालू लागली. बारीक, सरळ.

तेवढ्यात दार उघडून आत्याबाई आत आल्या.

सासूबाई त्यांच्या मागं, चेहरा पांढरा. आत्याबाईंनी एकदा कुसुमला पाहिलं, खालून वर. चष्मा सारखा केला. म्हणाल्या, "पोलकं अंगाला अगदी बसलंय की. पण मी तर यापेक्षा कितीतरी मोठं शिवलं होतं."

सगळे जिजीकडे पाहू लागले. ती विचारलं तर सांगणार होती, नाही विचारलं तरी सांगणार होती. जिजीचे डोळे मोठे झाले, ओठ हलले. पण काडी. स्वतःचा नियम ती कसा मोडणार?

कुसुमनं मात्र सुई थांबवली नाही. "माप माझं नव्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्हाला मी बारीक वाटले म्हणून आईनं वहिनींचं पोलकं पाठवलं. जिजीनं ते माझ्या मापाचं केलं. मी एवढीच आहे."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. मी देवाचं नाव घेतलं. आत्याबाईंची नजर सावकाश वळली आणि माझ्यावर येऊन थांबली, वरपासून खालपर्यंत.

"म्हणजे ते माप यांचं," त्या म्हणाल्या. "शिवताना मी म्हणतच होते, महिनाभरात पोरीला यांनी खायला काय घातलं?" आणि त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. कुसुमही हसली. सासूबाईसुद्धा. मला हसण्यासारखं त्यात काय होतं, ते अजून समजलेलं नाही. मग आत्याबाई जवळ आल्या, कुसुमच्या हातचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्याही परकराची कड गेलीय गाडीत. घरी गेल्यावर शिवून देशील?"

कुसुम म्हणाली, "देईन."

लग्न लागलं. हार घालताना हात वर गेला आणि शिवण टिकली. जेवणं झाली. दुपारच्या गाडीला निघायचं म्हणून टांगे आले. आमच्याकडे पाठवणीला बायका रडतात, ते वेगळं सांगायला नको. मी रडले, सासूबाई रडल्या, मामंजी उगाच टांगेवाल्यावर ओरडले. कुसुम सगळ्यांच्या पाया पडून जिजीपाशी आली आणि थांबली. काहीतरी बोलेल म्हणून. इतके दिवस अखंड बोलणारी बाई, आता तरी चार शब्द.

जिजी काही बोलली नाही. तिच्या दातांत अजून काडी होती.

शिवून झालं की काडी काढायची असते, लहान पोरालाही माहीत आहे. पाठीवर गाठ मारून किती वेळ झाला होता. ही तशीच मंडपात वावरली होती, तशीच कोपऱ्यात बसली होती. जेवलीसुद्धा नव्हती. कुसुमनं तिच्याकडे पाहिलं. जिजीनं बोटानं काडी दाखवली, म्हणजे मला बोलता येत नाही, आणि कुसुमच्या काखेखालची शिवण एकदा अंगठ्यानं चाचपली. टांगा निघाला.

मला इतका राग आला तिचा. ज्या दिवशी तिनं मोठ्यानं बोलावं, कोणाला तरी झापावं, घरातली ती शांतता मोडावी, त्याच दिवशी ही बाई मुकी.

संध्याकाळी मी ताट वाढून समोर नेलं. जिजी ओट्यावर बसली होती, स्टेशनच्या बाजूला तोंड करून. काडी दातांतच, टोक चावून चावून मऊ झालेलं. मी शेजारी बसले. सांगितलं, की गाडीनं आतापर्यंत चांदनी केव्हाच मागं टाकली असेल. तिनं मान हलवली.

"जिजी," मी म्हटलं, "शिवून झालंय केव्हाच. काढा आता ती."

तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि थोडी माझ्याकडे सरकून बसली.